एका माणसाचं माप

७ जून

प्रकाशकांचा होकार आला. फोनवर म्हणाले, "ताई, पुस्तक असं हवं की ज्याला गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं तेही ठाऊक नाही, त्यानेही उपाशी राहू नये." मी म्हटलं, तसंच होईल. नोव्हेंबरअखेर हस्तलिखित द्यायचं.

नवशिक्यांसाठी म्हणून बाजारात ढिगाने पुस्तकं आहेत आणि सगळी थापा मारतात. "चवीपुरतं मीठ." ज्याने जन्मात मीठ घातलेलं नाही त्याला चवीला किती पुरतं ते कसं कळणार? "अंदाजाने पाणी." अंदाज असता तर त्याने पुस्तक कशाला विकत घेतलं असतं? शाळेच्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकून घेतली: आधी निरीक्षण, मग अनुमान. दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. पुस्तकही त्याच शिस्तीत होणार.

पद्धत ठरवून टाकली. प्रत्येक कृती मी एका कागदावर लिहायची. ज्याने कधीच स्वयंपाक केलेला नाही अशा माणसाने ती एकट्याने करायची. मी बाहेर, दार लावलेलं. त्याने विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. चुकला तर चूक त्याची नव्हे, वाक्याची. वाक्य दुरुस्त करायचं आणि पुन्हा करायला लावायचं.

असा कोरा हात शोधायला लांब जायला नको. ह्यांनी पाणीपुरवठा खात्यात भले मोठे पंप सांभाळले, पण घरात कधी चहाचं आधण ठेवलेलं नाही. विचारलं तर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "मला नाही जमायचं."

"जमत नाही म्हणूनच तर तुम्हाला घेतलंय," मी म्हटलं.

हॉलमधलं मोठं टेबल वजनकाट्याला आणि मापांना लागणार. त्यावर ह्यांचे जुने रेडिओ पोटं उघडी टाकून पसरलेले असतात. सगळे खोक्यांत भरून माळ्यावर टाकले. हे काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच, निम्मे तर वाजतही नाहीत.

९ जून

पहिली चाचणी: उकडलेली अंडी. मी लिहिलं होतं, "पाण्याला उकळी आली की दहा मिनिटं उकळू द्या. नंतर टरफलं काढा." दाराबाहेर बसले. आतून आधी शांतता, मग "हाय हाय", मग चमचा पडल्याचा आवाज. शेवटी दार उघडलं. हे उकळत्या पाण्यात दोन चमचे घालून टरफलं काढायचा प्रयत्न करत होते.

"अहो, आधी गॅस बंद नाही का करायचा!"

"लिहिलं नव्हतं."

पुढचं तोंडावर आलेलं गिळलं. नियम माझाच. कागदावर लिहिलं: "गॅस बंद करा. गरम पाणी जपून ओतून द्या. अंडी गार पाण्यात बुडवून ठेवा."

हे मागे उभं राहून वाचत होते. "म्हणजे माझं चुकलं नाही?"

"नाही. वाक्याचं चुकलं."

हे हसले. चांगले मोठ्याने. शेजारीण खिडकीतून डोकावली.

१६ जून

कांदा. "गुलाबी होईपर्यंत परता," असं लिहिलं. आईने मला तसंच सांगितलं, मी मुलीला तसंच सांगितलं. धूर झाला तेव्हा आत गेले. कढईत कोळसे.

"मी वाट पाहत होतो," हे म्हणाले. "आधी पांढरा होता. मग पिवळट. मग तपकिरी. गुलाबी मधे कुठे आलाच नाही."

दुसरा कांदा मी स्वतः परतला, डोळे फाडून पाहत. गुलाबी होतच नाही. माझ्या आयुष्यात किती कांदे परतले असतील, आणि एकाकडेही नीट पाहिलं नाही! आता वाक्य असं: "कडा काचेसारख्या दिसू लागल्या आणि कच्चा वास गेला की थांबा." ह्यांनी लगेच विचारलं, कच्चा वास म्हणजे कसला? विचारायचं नाही हा नियम, पण प्रश्न बरोबर होता. म्हणून वर आणखी एक वाक्य घातलं: "परतण्याआधी चिरलेल्या कांद्याचा वास एकदा नीट घेऊन ठेवा." अशी सूचना कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

संध्याकाळी ओला टॉवेल पुन्हा पलंगावर. सांगून सांगून माझी जीभ झिजली. आज चांगलं सुनावलं. हे टॉवेल उचलून गॅलरीत गेले ते जेवायलाच आत आले.

२ जुलै

मोकळा भात, उकडलेले बटाटे, टोमॅटोचं सूप उत्तीर्ण. ऑम्लेट नापास, उलटायचं कसं ते लिहिणं अवघड आहे. उद्या पुन्हा.

३ जुलै

उलटायचंच नाही. झाकण ठेवायचं, वरची बाजू वाफेवर शिजते. ही युक्ती ह्यांची. मी म्हटलं, ऑम्लेट असं करत नाहीत. हे म्हणाले, "तू दाराबाहेर होतीस." खाऊन पाहिलं. चांगलं होतं. पुस्तकात तसंच जाईल.

१९ जुलै

मुलगी आली होती. बाबांच्या हातचं सूप प्यायली. "बाबा, तुम्ही तर कमाल केलीत! आई, तुला आता रिटायर करणार बाबा."

"करू देत की," मी म्हटलं. "सूपवर किती दिवस काढतात पाहू."

जेवण झाल्यावर हे म्हणाले, "तुझी सगळी मापं दोघांची आहेत. एकट्या माणसाने काय करायचं?"

"निम्मं करायचं."

"निम्मं करून पाहिलंस?"

पाहिलं नव्हतं. मुलगी घाईने म्हणाली, "खरंच आई, एका माणसाचं माप दे. आजकाल एकटी माणसंच तर शिकतात." मुद्दा बिनतोड. प्रकाशकांना फोन केला तर ते खुर्चीतून उठलेच असावेत. "ताई, हेच! एका माणसासाठी! कुणी केलेलंच नाही."

नंतर चहा घेऊन गॅलरीत गेले तर दोघं बोलता बोलता थांबली. मुलीचे डोळे लाल दिसले. उशिरापर्यंत जागून काम करते, तब्येतीकडे लक्ष नाही. चांगलं खडसावलं. ती म्हणाली, "हो गं आई," आणि मला मिठी मारली. लहानपणीसुद्धा हिला मिठ्या मारायची सवय नव्हती.

६ ऑगस्ट

सगळी मापं नव्याने काढते आहे. निम्मं केलं की झालं, असं मुळीच नसतं. तांदूळ निम्मे घेतले तरी वाफ तेवढीच जाते, म्हणून पाणी निम्म्याहून जास्त लागतं. मोठ्या पातेल्यात मूठभर तांदूळ शिजवले तर तळाला धरतात. मीठ निम्मं केलं तर अळणी लागतं. एका माणसाचं जेवण ही वेगळीच विद्या आहे. मी कधी केलेलंच नाही. आधी माहेरचं खटलं, मग इथलं. दोघांच्या खाली माझं माप कधी उतरलंच नाही.

हे मात्र रोज चाचणीला वेळेवर हजर. एप्रन स्वतःच बांधतात. एवढा उत्साह मी ह्यांच्यात पाहिलेला नव्हता. दुपारी वन्संकडे चक्कर मारून येतात. बहिणीची इतकी आठवणही पूर्वी कधी येत नसे. माणसाला काम मिळालं की त्याच्यात जीव येतो. मी हे आधीच करायला हवं होतं.

१४ ऑगस्ट

प्रत्येक कृतीच्या शेवटी मी लिहिते, "गरमागरम वाढा." आज हे बाहेर येऊन म्हणाले, "शेवटच्या वाक्यावर अडलोय. वाढा म्हणजे कुणाला?"

"म्हणजे काय? ताटात."

"ते कळलं. पण एकटाच असेन तर?"

सगळ्या कागदांवर दुरुस्त केलं: "ताटात घ्या आणि लगेच जेवायला बसा." 'लगेच' हा शब्द माझा. एकटी माणसं उभ्याने खातात, असं मुलगी म्हणाली होती.

२८ ऑगस्ट

नवा भाग लिहिला: "नवं बिऱ्हाड मांडताना." एकट्या माणसाला कमीत कमी काय लागतं. ह्यांनी फार मदत केली. तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करायचं, सिलिंडर कसा बदलायचा, उरलेला भात किती वेळ बाहेर चालतो, असे प्रश्न मला सुचलेच नसते.

मी लिहिलं, दोन ताटं. हे म्हणाले, "एक पुरे."

"पाहुणा आला तर?"

"आधी त्याला वाढीन. मी नंतर जेवेन."

"तुम्ही कुठे आलात यात! वाचकाचं बोला."

"तेच म्हणतोय."

अगदी भूमिकेत शिरले आहेत. मी मनापासून हसले.

११ सप्टेंबर

काहीतरी गडबड आहे. आज कोबीची भाजी केली. मी कागदावर झाकणावर पाणी ठेवायचं लिहिलेलं नव्हतं. मुद्दाम गाळलं होतं, चुकतात का पाहायला. ह्यांनी ठेवलं. विचारलं तर म्हणाले, "सुचलं." कोऱ्या हाताला असं काही सुचत नसतं.

शिवाय उजव्या तर्जनीवर भाजल्याचा फोड. काल-परवा आमच्याकडे चाचणीच नव्हती.

म्हणजे हे दुसरीकडे स्वयंपाक करतात. वन्संनी शिकवणी सुरू केलेली दिसते. माझ्या सगळ्या चाचण्या पाण्यात. ज्या माणसावर पुस्तक उभं आहे त्यानेच पाठीमागून तयारी करून यायचं, याला काय म्हणायचं? शाळेत मी असल्या मुलांना वर्गाबाहेर काढत असे.

१२ सप्टेंबर

वन्संना फोन केला. ह्यांच्याहून मोठ्या आहेत, म्हणून शब्द तोलून बोलले. "वन्सं, ह्यांना तुमच्या ओट्याजवळ फिरकू देऊ नका. माझं पुस्तक बिघडतंय."

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "माझ्या ओट्याजवळ नाही गं येत तो."

"मग हाताला फोड कसला?"

"तू त्यालाच विचार ना."

"विचारलं. सुचलं म्हणतात."

"अगं, पुस्तकाचं राहू दे जरा. नीट बसव त्याला समोर आणि विचार."

वन्सं नेहमी भावाचीच बाजू घेतात. मी विषय संपवला. ह्यांना मात्र सांगितलं: यापुढे परवानगीशिवाय दुसरीकडे गॅसला हात लावायचा नाही. हे म्हणाले, "बरं." फसवणूक पकडली गेल्यावर माणूस इतका शांत राहतो, हे आश्चर्य आहे.

५ ऑक्टोबर

ह्यांनी माळ्यावरून रेडिओंची खोकी उतरवली. कुणाला तरी द्यायचे आहेत म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं, एकदाची अडगळ गेली. रिक्षा आणून स्वतःच घेऊन गेले. माळा झाडून घेतला.

२० ऑक्टोबर

शेवटची चाचणी. पूर्ण जेवण: भात, डाळ, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, एका माणसापुरतं. मी दाराबाहेर. आतून एकही चुकीचा आवाज आला नाही. डाळ उतू गेली नाही, चमचा पडला नाही. दार उघडलं तर ओटा पुसलेला, भांडी घासून पालथी घातलेली, ताट वाढून तयार.

एक घास खाल्ला. नाव ठेवायला जागा नाही.

"आलं ना मला?" ह्यांनी विचारलं.

"आलं."

"नक्की? पुन्हा म्हण."

"आलं हो. उत्तीर्ण. पहिला वर्ग."

हे खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ एप्रनची गाठ सोडत राहिले. मी प्रकाशकांना फोन केला: पुस्तक झालं. आज फार समाधानाचा दिवस.

२१ ऑक्टोबर

काही लिहवत नाही.

२३ ऑक्टोबर

दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते.

परवा सकाळी उठले तर टेबलावर चहा तयार होता. दोन कप. चांगला झाला होता. तेही लिहून ठेवायला हवं.

हे म्हणाले, "मी एक खोली घेतलीय."

"कसली खोली?"

"राहायला."

"कुणाला राहायला?"

"मला."

मला वाटलं थट्टा आहे. मग पाहिलं, बाहेरच्या दाराशी बॅग होती. शेजारी माझ्या कागदांची झेरॉक्स, दोरीने नीट बांधलेली.

"दुसरी कुणी आहे का?"

"नाही."

"काही आजार आहे? लपवताय?"

"नाही गं."

"मग?"

हे कपाचा कान धरून बसले. "ऑगस्टमध्येच घेतली. ताईच्या घराच्या मागे. एक मोठं टेबल आहे तिथे."

"टेबलासाठी कुणी घर सोडतं?"

"टेबलासाठी नाही."

"मग कशासाठी ते बोला की! मी तुम्हाला उपाशी ठेवलं? आजारपणात टाकलं? परक्यासमोर एक शब्द कधी बोलले?"

"परक्यासमोर नाही बोललीस," ह्यांनी मान्य केलं. मग जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्याचा अर्थ लागत नाही. "या जूनपासून माझं काही चुकलं की तू कागद दुरुस्त करायचीस. मला नाही. कांदा जाळला, डाळ सांडली, तू निमूटपणे कागदावर लिहायचीस. मला रोज सकाळी त्या दारामागे जायची ओढ लागली. मग वाटलं, माणूस असाही राहू शकतो. सगळा दिवस."

"हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"बोलायचं नाही, हा नियम होता."

"तो स्वयंपाकाचा नियम होता!"

"हो," हे म्हणाले. "पण मला सोयीचा पडला."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्याच ओट्यावर, माझ्याच मिठापाण्यावर तयारी केलीत. मीच शिकवलं, मीच मापं काढून दिली, मीच तुमचं बिऱ्हाड मांडून दिलं. आणि वर मला 'नक्की का' म्हणून विचारलंत."

"तू फार चांगलं शिकवतेस," हे म्हणाले. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसरी कुणी असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं. इथे समोर कुणीच नाही. कुणीच नसलेलं बरं, म्हणून मला सोडलं.

जाताना कप विसळून ठेवला. स्वतःचाच.

२६ ऑक्टोबर

मुलगी आली. दारातच रडायला लागली, तेव्हाच कळलं.

"तुला माहीत होतं."

"आई..."

"जुलैपासून?"

"त्याच्या आधीपासून. आई, वेगळं राहावंसं वाटतं, असं ते मागेच म्हणाले होते मला. पण म्हणाले, मला अंडंसुद्धा उकडता येत नाही, मी कुठे जाणार? मला वाटलं, विषय संपला. मग तू हे पुस्तक काढलंस..."

"म्हणजे इतके दिवस फक्त जेवणासाठी राहिले होते?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली. मी म्हटलं, एका माणसाचं माप तू मागितलंस ना माझ्याकडे? माझ्या टेबलाशी बसून? ती म्हणाली, "बाबा उपाशी राहायला नकोत एवढंच वाटलं मला. मी तुझीही मुलगी आहे, आई. मला किती त्रास झाला असेल?" मी तिला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं आणि घरी जायला सांगितलं. जाताना मिठी मारायला आली. मी हातातला तांब्या खाली ठेवला नाही.

वन्संचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत, हे खरं. त्यांच्या ओट्याजवळ तो माणूस जात नव्हता. खरं बोलूनही माणसाला फसवता येतं, हे मला या वयात कळायचं होतं.

२ नोव्हेंबर

तांदूळ सवयीने दोघांचेच धुतले. टाकून दिले नाहीत. सकाळी तेच खाल्ले.

९ नोव्हेंबर

प्रकाशकांना काहीच ठाऊक नाही. आज म्हणाले, "ताई, मुखपृष्ठावर साहेबांचा फोटो घ्यायचा. एप्रन घातलेला, हातात झारा. निवृत्तीनंतर स्वयंपाक शिकलेला माणूस! पुस्तकाचा पुरावाच तो. आणि अर्पणपत्रिका काय लिहू?"

अर्पणपत्रिका नको म्हटलं. फोटोसाठी परवानगी विचारावी लागेल म्हटलं. "घरातल्या घरात परवानगी कसली?" म्हणून ते हसले. पुस्तक मागे घ्यावं, असं क्षणभर मनात आलं. पण वाक्य न् वाक्य माझं आहे. इतकं सगळं गेलं, तेवढं तरी मी सोडणार नाही.

१३ नोव्हेंबर

मी त्यांच्या खोलीवर गेले. फोनवर विचारता आलं असतं. मला पाहायचं होतं.

वन्संच्या घरामागच्या गल्लीत जिन्याखालून वाट आहे. दार उघडंच होतं. खोलीभर टेबल, आणि टेबलभर रेडिओ, पोटं उघडी टाकलेली. त्यातला एक वाजत होता. कुणीतरी हवामान सांगत होतं. पलंगावर ओला टॉवेल पडलेला. मी काही बोलले नाही. खुर्ची एकच, तिच्यावर मला बसवलं.

ओट्याशी भिंतीवर माझे कागद चिकटवलेले. त्यांच्यावर डाळीचे डाग पडलेत. म्हणजे रोज वापरात आहेत. ते स्वतः बारीक झालेले दिसले नाहीत.

फोटोचं सांगितलं. म्हणाले, "नको. पण माझं नाव न घालता काय लिहायचं ते लिही."

"खोटं लिहिणार नाही मी."

"तू कधीच खोटं लिहीत नाहीस."

 रेडिओवर हवामान संपून बाजारभाव लागले. ते उठले. "जेवून जा. मी तांदूळ घेतच होतो."

त्यांनी एक वाटी घेतली, पातेल्यात ओतली, आणि ते थबकले. पुन्हा डब्यात वाटी घातली, अर्धी भरली, परत ओतली. कागदाकडे पाहिलं. कागदावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"दोघांचं कसं करायचं, ते यात नाही," ते म्हणाले.

होतं. जूनमध्ये सगळं दोघांचंच होतं. त्यांच्याच सांगण्यावरून मी ते एकेक ओळ करत खोडलं होतं. आणि पाणी किती घालायचं ते मला न पाहता सांगता येत होतं. एका वाक्याचं काम होतं. ते माझ्याकडे पाहत उभे होते, हातात वाटी घेऊन.

मी सांगितलं नाही.

"असं करू," ते म्हणाले. "ताट एकच आहे तसंही. आधी तू जेव. मी नंतर माझा भात लावीन."

"मी जेवून आले आहे," मी म्हटलं. जेवले नव्हते.

ते दारापर्यंत आले. म्हणाले, "ओला टॉवेल पाहिलास ना?"

"पाहिला."

"बोलली नाहीस."

"खोली तुमची आहे," मी म्हटलं आणि जिन्याखालून वाकून बाहेर पडले. मागे रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. का बंद केला, कळत नाही. अनुमान काढत नाही.

१४ नोव्हेंबर

आज माझ्याच पुस्तकातून स्वयंपाक केला, पहिल्या ओळीपासून. कोऱ्या हाताने करावा तसा. कांदा चिरल्यावर त्याचा वास घेऊन ठेवला. एका माणसाचा भात लावला. गॅस बंद करा म्हटलं तिथेच बंद केला. माप बरोबर आहे. शीत न् शीत मोकळं झालं, उरलं काही नाही. ताटात घेतलं. शेवटचं वाक्य होतं, लगेच जेवायला बसा.

बसले. त्या वाक्याला मात्र वेळ लागला.

२९ नोव्हेंबर

हस्तलिखित दिलं. मुखपृष्ठावर फक्त पातेल्याचं चित्र असेल. प्रस्तावना तीन ओळींची: "या पुस्तकातली प्रत्येक कृती स्वयंपाकघरात कधीच पाऊल न टाकलेल्या एका माणसाने एकट्याने करून पाहिली आहे. कृती यशस्वी ठरल्या आहेत. तो माणूस आता कुणावाचून अडत नाही."

प्रकाशकांनी ती दोनदा वाचली. "फार छान, ताई. साहेब खूश होतील." मग पानं चाळत म्हणाले, "एकच सूचना. प्रत्येक कृतीखाली एक ओळ टाकू या का? 'दोघांसाठी करायचं असल्यास सर्व दुप्पट घ्या.' लग्न झालेलेही विकत घेतील."

"दुप्पट घेऊन चालत नाही," मी म्हटलं. "पाण्याचं गणित बदलतं."

"मग बरोबर माप द्या. तुम्हाला तर तोंडपाठ असेल."

"आहे."

"मग?"

"कोऱ्या हाताने करून पाहिल्याशिवाय मी काही छापत नाही."

"मग घ्या ना साहेबांकडून करून. त्यांना काय, आता सवय झालीय."

मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "दोघांचं त्यांच्याकडून झालेलं नाही. पुस्तक आहे तसंच जाऊ दे."